थकवा मोजा, पण स्वतः थकू नका

थिसिससाठी थकव्याची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणून व्हॅलिडेट करायचं, म्हणजे ती मराठीतही थकवाच नीट मोजते का ते तपासायचं ठरवलंय? छान विषय निवडलात. रक्त काढायला नको, मशीनची वाट बघायला नको. शिवाय मिरजेत डायलिसिसचे पेशंट चार-चार तास एका जागी सापडतात. हाताला सुई लावलेला माणूस ‘नंतर भरतो’ म्हणून उठून जात नाही.

फटीग सिव्हिरिटी स्केल ही थकव्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली घ्या. १९८९ सालची, नऊच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. ती मुळात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ल्युपस या निराळ्याच आजारांच्या पेशंटवर तयार झाली, हे गाईडनी विचारल्याशिवाय काढू नका. ते विचारणार नाहीत.

नियम म्हणतो, दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या आणखी दोघांनी ते पुन्हा इंग्रजीत न्यावं आणि मग समितीनं बसून भांडावं. एवढी माणसं कुठं जमवत बसता? उलट भाषांतरही तुम्हीच उरका, मूळ कागद शेजारी ठेवून. शब्द न शब्द जुळतो आणि समितीला चहाखेरीज काम उरत नाही.

मग तीस-चाळीस पेशंटना ‘या वाक्यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारायचा टप्पा येतो. तो तर टाळाच. दुसरंच विधान व्यायामानं थकवा येण्याबद्दल आहे. कवठे महांकाळच्या मावशी म्हणणार, “व्यायाम पोरं करत्यात बाई. मी भांगलायला जाती.” आता भांगलण व्यायामात धरायची का? धरली तर विधान बदला, मूळ लेखकांना कळवा, एथिक्स कमिटीकडं पुन्हा जा. त्यापेक्षा मावशींच्या नावापुढं ४ ला गोल करा. चार हा फार गुणी आकडा आहे. दिसायला मधला, पण सरासरी चार झाली की बहुतेक जण थकवा लक्षणीय धरतात. म्हणजे न समजलेलं विधानही निष्कर्षाच्या कामी येतं.

वाचता न येणाऱ्यांचा फॉर्म सोबतच्या सुनेकडं द्या. ती सासूचा थकवा लिहिते की स्वतःचा, या भानगडीत पडू नका.

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.७ च्या वर गेला की चालतं म्हणतात, पण चालण्यावर भागवू नका. सायंकाळी दमलेल्या इंटर्नला फॉर्म द्या. तो एका पेशंटला पहिल्यापासून शेवटपर्यंत ६, पुढच्याला सगळीकडं २, असं ओढत नेईल आणि अल्फा एकाला जाऊन भिडेल. ०.९५ च्या पुढं गेला तर विधानं एकमेकांची पुनरुक्ती करतायत असा संशय काही संख्याशास्त्रज्ञ घेतात. असल्या माणसांना व्हायव्हाला बोलावत नाहीत.

तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायला मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे आधीची उत्तरं आठवत नाहीत. तुम्ही चहाच्या आधी आणि चहानंतर घ्या, उत्तरं पाठ असतात. फक्त एक फेरी डायलिसिसच्या आधी आणि दुसरी नंतर, असं करू नका. डायलिसिसनंतर माणूस खरंच गळून जातो, आकडे बदलतात आणि तुमची विश्वासार्हता ढासळते. पेशंटनं इतकं प्रामाणिक असणं थिसिसला मानवत नाही.

शेवटी प्रश्नावली आजारी आणि निरोगी यांतला फरक ओळखते का ते बघा. निरोगी म्हणून बाकड्यावरचे नातेवाईक घ्यायचा मोह होईल. सावध! जतकडच्या वाडीवरून ही माणसं आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची एसटी धरून येतात, गुरं शेजाऱ्यावर टाकून, शेतातला खाडा पदरात घेऊन. त्यांचे गुण पेशंटपेक्षा वर निघाले तर गाईडना काय सांगाल? ‘निरोगी असणे’ या निकषाखाली त्यांना सरळ वगळा आणि विश्रामबागेतल्या जिममधली पोरं आणा. पी-व्हॅल्यू, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, अशी काही खाली येईल, की पेपर आठवड्यात पाठवता येईल.