वीस पावलांचा बर्फ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गटाने डर्ट बाइक राइडला निघण्यापूर्वी बर्फाळ वाटेची पाहणी कशी करावी, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. आठ जणांचा गट जेमतेम वीस पावलांच्या बर्फापाशी मी माघारी वळवला, हे दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्यासारखे झाले, असे आपण म्हणता. उपग्रहाची छायाचित्रे आणि हवामानाचे अ‍ॅप हाताशी असताना आदल्या दिवशी दोघांनी जाऊन वाट पाहून येणे ही पेट्रोलची आणि सुटीची नासाडी आहे, हा दुसरा आक्षेप. आणि ‘बर्फ दहा सेंटिमीटरहून जास्त असेल तर पुढे जाऊ नये’ हा नियम मी कुठून आणला, असे आपण शेवटी विचारले आहे.

हा शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो. तो नियम मी सोपेपणाच्या मोहाने लिहिला आणि तो चुकीचा आहे. नुसत्या खोलीवरून बर्फाबद्दल फारच थोडे कळते. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला 50 ते 100 किलो असते, तर वसंतात अनेकदा वितळून पुन्हा गोठलेल्या जुन्या, ओल्या बर्फाचे 400 ते 500 किलोपर्यंत जाते. पहिल्या प्रकारात वीस सेंटिमीटरचा थर असला तरी सपाटीवर टायर तो कापून खालच्या मातीपर्यंत पोचतो आणि टायरच्या गुट्ट्यांना पकड मिळते. उलट मातीवर चिकटलेला तीन सेंटिमीटरचा काचेसारखा थर आडव्या उतारावर कोणालाही पाडतो. ते वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे आणि त्याजागी दुसरा आकडा घातलेला नाही.

त्याजागी पायाची परीक्षा, म्हणजे बर्फावर एका पायावर उभे राहून तो रुततो का ते पाहणे, घातली आहे, पण तिचीही मर्यादा इथेच सांगतो. पंचाहत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर बुटाखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक तृतीयांश किलो भार येतो. बाइकच्या टायरमध्ये हवा कमी केली तरी दाब 0.7 ते 0.8 किलो असतो आणि टायर जमिनीला साधारण तेवढाच भार देतो, म्हणजे बुटाच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे जिथे पाय रुतला तिथे चाक रुतणार हे नक्की, पण पाय रुतला नाही म्हणून चाक रुतणार नाही असे मात्र म्हणता येत नाही.

आता वीस पावलांबद्दल. त्या जागेचे वर्णन मी फार त्रोटक केले होते, त्यामुळे आपला गैरसमज होणे साहजिक आहे. उत्तर गोलार्धात डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगाला ऊन कमी मिळते, म्हणून बाकी सगळीकडचा बर्फ गेल्यावरही तिथला टिकतो. ही वाट अशाच अंगाने आडवी जाते. रुंदी एका बाइकपुरती, डावीकडे चढ आणि उजवीकडे झाडीत उतरणारी घळ. सकाळी साडेनऊला बर्फावर इतका कडक पापुद्रा धरला होता की टाच आपटली तरी खळगा पडत नव्हता. आमच्यातल्या कोणीही तो तुकडा दुसऱ्या गिअरमध्ये सहज पार केला असता. परंतु वरून घसरत आलेल्या बर्फाने वाटेची पायरीच, म्हणजे उतारातली सपाट जागाच, भरून टाकली होती आणि वरच्या चढाचा कल सलग खालच्या घळीपर्यंत गेला होता. शिवाय पलीकडे वाट लगेच उताराला लागते. म्हणजे परतताना तोच तुकडा चढाच्या तोंडाशी, थकलेल्या हातांनी आणि दुपारच्या भुसभुशीत बर्फावरून पार करायचा. अशा वेळी मागचे चाक जागेवर फिरून खड्डा खणते आणि बाइकची शेपटी घळीच्या बाजूला सरकते. शंभर-एकशेदहा किलोची बाइक घळीतून वर ओढायला किती माणसे लागतात, हे एकदा ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

फावड्याने पायरी कापून घेता आली असती, असे आपण म्हणाल. ती कापता येते आणि मी कापलीही आहे. पण पुढच्या उत्तर अंगावर असे आणखी किती तुकडे आहेत हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आदल्या दिवशीची पाहणी पावसामुळे रद्द झाली होती.

दुधाने तोंड पोळले आहे, हेही खरेच. काही वर्षांपूर्वी सहा जणांचा गट घेऊन मी पुढे होतो आणि असाच एक उतार सकाळी हसत-खेळत उतरलो. दुपारी त्याच उतारावर एकेका बाइकला दोघे मागून ढकलत होते, क्लच जळल्याचा वास झाडीत कोंडून राहिला होता आणि घामाने आतून भिजलेले कपडे थांबल्याबरोबर बर्फासारखे गार होत होते. आमच्यातल्या सर्वांत नवख्या मुलाला हातमोज्याची चिकटपट्टी बोटांनी सोडवता येईना, तेव्हा मी दोन बाइक तिथेच सोडून सगळ्यांना चालत खाली आणले. निर्णय माझा होता आणि चूकही माझीच.

उपग्रहाची छायाचित्रे मीही पाहतो. ती निरुपयोगी आहेत असे मी कुठेही म्हटलेले नाही. सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या मोफत छायाचित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. आपल्या त्या वीस पावलांचे पंधरा मीटर होतात, म्हणजे जेमतेम दीड ठिपका, आणि तोही सूचिपर्णी झाडांच्या छत्राखाली, जिथे वरून फक्त गडद हिरवे दिसते. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात. त्यांतला फरक करायचा तर लघुतरंग अवरक्त पट्टा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात टिपलेले चित्र, पाहावा लागतो, ज्यात बर्फ काळपट आणि ढग उजळ दिसतात, पण त्या पट्ट्यातला ठिपका वीस मीटरचा आहे. डोंगराची कोणती बाजू मोकळी झाली आणि बर्फाची रेषा आठवड्यात किती वर सरकली, हे या छायाचित्रांतून उत्तम कळते, आणि तेवढ्यासाठी ती पाहावीतच. वाटेवरच्या तुकड्याचा निर्णय त्यांवरून घेणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

अ‍ॅपवरचे तापमान बहुधा दरीतल्या वस्तीचे असते. उंची हजार मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खाली चार अंश असताना आठशे मीटर वरच्या खिंडीत ते शून्याखाली असू शकते. निरभ्र, निवांत रात्री याच्या उलटही घडते. थंड हवा दरीत साचते आणि वर उबदार राहते.

पाहणी आदल्या दिवशी आणि तीही दुपारी का करायची, याचे कारण मूळ लेखात मी पुरेसे स्पष्ट केले नव्हते. गटाचा प्रश्न एकट्या रायडरच्या प्रश्नाहून वेगळा असतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण पापुद्र्याच्या बर्फावर उलटी पडते: पुढच्या दोघांना ठेच लागतच नाही, तिसऱ्याच्या चाकाखाली पापुद्रा फुटतो आणि पाचव्याच्या वाट्याला चाकाच्या आसापर्यंतचा चर येतो. कोरड्या ताज्या बर्फात मात्र पहिलाच दमतो आणि बाकीच्यांना दाबलेली वाट मिळते. म्हणून आम्ही दोघे गट परतेल त्याच वेळेला शंकेच्या जागी पोचतो आणि परतीच्या दिशेने, एकाच रेषेवरून, दोन्ही बाइक तीन-तीन वेळा नेतो. सहाव्या फेरीला चाक चालले तर गट चालेल असे धरतो. ओढ्यांचेही तसेच आहे. वितळलेले पाणी दुपारनंतर चढते, सकाळचा घोटाभर ओढा संध्याकाळी गुडघ्याला लागू शकतो. वाटेच्या वर 30 ते 45 अंशांचा उघडा, बर्फाने भरलेला उतार असेल तर मात्र मी फेऱ्याबिऱ्या काही करत नाही, कारण बहुतेक हिमस्खलने याच कलाच्या उतारांवर होतात. ती वाट त्या दिवसापुरती सोडून देतो.

‘मग बर्फात जायचेच नाही का?’ असे आपण विचारता. जरूर जावे, पण शक्यतो अशा वाटेने, जिच्यावर बर्फ चढताना लागतो आणि परतीला उतार मिळतो. तिथे अडले तरी मागे फिरणे सोपे असते आणि बर्फातली मौजही पुरेपूर मिळते.

त्या वीस पावलांपाशी आम्ही दोघे दहा दिवसांनी पुन्हा गेलो होतो. बर्फ सहा पावलांवर आला होता आणि तोही वाटेच्या कडेला सरकला होता. पण खालच्या मातीत बूट घोट्यापर्यंत जात होता, आणि कोणाच्या तरी टायरांनी चिखल चुकवण्यासाठी वरच्या गवतातून नवीन, हातभर रुंद वाट पाडलेली होती. त्या चरांतून पाणी आधीच वाहू लागले होते. आठ बाइक त्यावरून नेल्या असत्या तर उन्हाळ्यापर्यंत तिथे ओहळ झाला असता, म्हणून गटाला आणखी दोन आठवडे थांबायला सांगितले आहे.