‘सातशेची क्वाड उलटत नाही, मागे पोराला बसवा’: या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईचा फोन आला. डिसेंबरच्या सुट्टीत ती दोन्ही पोरांना घेऊन माझ्याकडे शारजाला येते आहे. थोरला १९ वर्षांचा, धाकटा १२ चा. थोरल्याने म्हणे ठरवूनच टाकलंय, ‘मामाला सांग, अल बदायरच्या लाल वाळूत सातशेची क्वाड बुक कर. एकच पुरे, मागे धाकटा बसेल.’ (क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी चालवायची एटीव्ही; सातशे हे तिच्या इंजिनाचे सीसी.) हे त्याच्या डोक्यात आलं कुठून विचारलं, तर ताईने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे खरं का रे?’

हाच मेसेज इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी दोनदा पाहिला होता आणि कशाला वाद घाला म्हणून सोडून दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मेसेज असा आहे. यामाहा रॅप्टर ७०० ही जगातली सगळ्यात वेगवान स्पोर्ट क्वाड, कारण तिचं इंजिन सगळ्यात मोठं. सातशेपुढे साडेचारशे म्हणजे खेळणं. कारखान्यातून आलेली गाडीच १६० ला जाते. डाकार रॅली ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत दरवर्षी हीच जिंकते. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं) असेल तर गाडी आणखी भारी. पूर्वी तीन चाकांच्या गाड्या उलटायच्या म्हणून अमेरिकेने त्या बंद केल्या, चार चाकं आली आणि तो धोका संपला. आणि शेवटी: सीट लांब आहे, मुलाला मागे आरामात बसवता येतं, जड गाडी असल्यामुळे ती उलटत नाही.

शेवटापासून सुरुवात करतो. बाकीचं चुकलं तर फार तर पैसे वाया जातील. हे चुकलं तर पोर जाईल.

सीट लांब आहे हे खरं. ती कुणासाठी लांब आहे हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. स्पोर्ट क्वाडला मागे सलग एक्सल असतो, डिफरन्शियल नसतो. दोन्ही मागची चाकं एकाच गतीने फिरतात, त्यामुळे गाडी आपण होऊन वळत नाही, तिला अंगाने वळवावं लागतं. वळणात आतल्या बाजूला झुकायचं, चढावर पार टाकीपर्यंत पुढे सरकायचं, उतारावर ढुंगण मागच्या मडगार्डपर्यंत न्यायचं. लांब सीट ही या सरकण्याची जागा आहे. गाडी सुमारे १९० किलोची आणि चालवणारा ७०-७५ किलोचा, म्हणजे एकूण वजनाचा चौथा हिस्सा त्याच्या कमरेच्या हालचालीवर असतो. आता त्याच्या कमरेला बारा वर्षांच्या पोराने घट्ट मिठी मारली आहे असं डोळ्यांसमोर आणा. त्याला पुढे सरकता येत नाही, मागे जायला जागा उरत नाही, आणि पोराचे ३५-४० किलो नेमके मागच्या एक्सलवर येऊन बसतात. अशा अवस्थेत वाळूची चढण घेताना अंगठ्याखालचा ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की पुढची चाकं उचलतात आणि गाडी मागे उलटते. मागे उलटणाऱ्या गाडीखाली पहिला कोण सापडतो, ते सांगायला नको. १९० किलो वजन तेव्हा ‘स्थिर’ नसतं, ते छातीवर असतं.

ज्या ताकदीचं मेसेजने कौतुक केलंय, तीच इथे घात करते. सातशेचा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांपासूनच मिळतो. दुसऱ्या गिअरमध्येही ती पुढचं तोंड वर करते. अनुभवी माणसाला हे हवंहवंसं वाटतं, कारण त्याचं वजन आधीच पुढे गेलेलं असतं.

आता तीन चाकांची गोष्ट. अर्धी खरी आहे, तेवढी मान्य करतो. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोग आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्या यांच्यात न्यायालयात तडजोड झाली आणि नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. पण त्याच तडजोडीत चारचाकींबद्दलही अटी होत्या, त्या मेसेजने गिळल्या. ९० सीसीच्या वरची गाडी १६ वर्षांखालच्या मुलासाठी विकायची नाही, गाडीवर इशाऱ्याचे स्टिकर लावायचे, घेणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं. चौथ्या चाकाने धोका संपला असता तर या अटी कुणी घातल्या असत्या का? आजही अमेरिकेत असल्या गाड्यांवर दरवर्षी शेकडो माणसं मरतात आणि त्यांत मुलं असतात.

बाकी कशावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. रॅप्टरच्या मडगार्डवरचा स्टिकर वाचा, किंवा तिचं मॅन्युअल उघडा. १६ वर्षांखालच्यांनी चालवायची नाही आणि मागे कुणालाही बसवायचं नाही, हे खुद्द यामाहाने लिहिलंय. ज्या कंपनीला गाडी विकायची आहे तीच जर सांगते की ही एकट्याची गाडी आहे, तर फॉरवर्ड करणाऱ्याचा अधिकार कुठला? भाड्याच्या गाड्यांवर ही अक्षरं वाळूने घासून बऱ्याचदा पुसलेली असतात. म्हणून काही नियम पुसला जात नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी हे समोर पाहिलं. एक बाप, मागे आठ-नऊ वर्षांचा मुलगा, भाड्याची सातशे. देणाऱ्याने हेल्मेट दिली आणि ‘गो’ म्हटलं, बाकी काही नाही. पन्नास-साठ पावलांवरच्या साध्या चढावर गाडी मागे आली. मुलगा बाजूला फेकला गेला, नशीब. बापाचा खांदा निखळला. मी धावत पोचलो तेव्हा ते पोर रडतही नव्हतं, नुसतं गाडीकडे बघत होतं. ताई, तुझ्या फोननंतर मला तोच चेहरा आठवत होता.

वाळूबद्दल आणखी एक, जे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. थोरला म्हणतो, मी नागावला एटीव्ही चालवलीय. चालवली असशील, पण ती किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूत, बिनगिअरची छोटी गाडी, आणि शेजारी धावणारा माणूस. इथल्या टेकड्यांना दोन अंगं असतात. वाऱ्याकडची बाजू १०-१५ अंशांची, दाबलेली, चढायला सोपी. पलीकडची ३०-३४ अंशांची, भुसभुशीत, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. खालून चढताना पलीकडचं काहीही दिसत नाही, दिसतं फक्त आभाळ. माहीतगार माणूस टेकडीच्या धारेच्या आधी वेग कमी करतो, तिरका होतो, डोकावतो. नवखा सातशेच्या जोरावर सरळ वर जातो आणि धारेवरून सुटतो. पलीकडच्या पायथ्याशी आणखी कुणाची गाडी उभी असू शकते. साडेचारशेवरही हे होतं, पण सातशे त्याला विचार करायला वेळच देत नाही.

आता वेगाचं. सीसी म्हणजे वेग, हे गणित कुठून आलं ते मला कळत नाही. रॅप्टर ७०० चं इंजिन मुळात ६८६ सीसीचं, एकच सिलिंडर, १०२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८४ मिमी स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर). होंडाची टीआरएक्स७००एक्सएक्स घ्या: तीही ६८६, तोच बोअर, तोच स्ट्रोक. कावासाकीची केएफएक्स७०० ही ६९७ सीसीची, पण दोन सिलिंडरची व्ही-ट्विन, आणि गिअरऐवजी स्कूटरसारखा पट्टा. तिन्ही ‘सातशे’च, आणि तिघींवर बसलात तर तीन वेगवेगळी जनावरं. आकडा बाजूच्या पॅनलवर असतो, गाडीची चाल त्यात नसते.

साडेचारशेला खेळणं म्हणणाऱ्याने हे तोंडी गणित करून पाहावं. यामाहाच्याच वायएफझेड४५०आर चा स्ट्रोक ६३.४ मिमी. इंजिनाच्या दर फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. सातशेत मिनिटाला ९,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर होतो. साडेचारशेत ११,००० फेऱ्यांनाही तो २३ च राहतो. सातशेला ११,००० वर न्यायचं म्हटलं तर जवळजवळ ३१ होईल, आणि ते इंजिन टिकणार नाही. म्हणून मोठं इंजिन खालून ओढतं आणि लवकर थांबतं, छोटं वर जाऊन जोर दाखवतं. ताकद म्हणजे टॉर्क (पिळण्याचा जोर) गुणिले फेरे, त्यामुळे मूळ अवस्थेतल्या दोन्ही गाड्या मागच्या चाकाशी मोजल्या तर चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच येतात. वजनातही फरक सात-आठ किलोंचा. उलट साडेचारशे सुमारे १२४ सेंटीमीटर रुंद आणि रॅप्टर ११७. म्हणजे कडेवर कलंडण्याच्या बाबतीत ‘खेळणं’च जास्त भक्कम. अमेरिकेतल्या जंगलातल्या जीएनसीसी शर्यतींत वॉकर फाउलरने विजेतेपदांची रांग लावली ती वायएफझेड४५०आर वरच.

आणि वाळूतल्या चढाच्या शर्यतीत तर यामाहाचीच जुनी क्वाड बान्शी अजून भल्याभल्यांना घाम फोडते. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, १९८७ सालची रचना. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत ऑल्ड्समोबाइल हिल या टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून कुणी ‘सीसी म्हणजे वेग’ म्हणून दाखवावं.

१६० चा आकडा ज्या रीलमधून आला ती मी पाहिली. मीटर खरंच १६० दाखवतं. पण मीटर चाकाचे फेरे मोजतं, जमीन नाही. मऊ वाळूत चाक जागच्या जागी घुमतं आणि आकडा वर जातो. मी स्वतः सपाट, कडक सबख्यावर (खारट मिठागरासारख्या जमिनीवर) जीपीएस लावून पाहिलंय, माझी मूळ अवस्थेतली रॅप्टर ११८ च्या पुढे गेली नाही. इंजिन आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) बदलून लोक पुढे जातात, तो वेगळा विषय. मऊ वाळूत यातलं निम्मंही जड जातं, आणि तिथे गाडीपेक्षा टायर जास्त बोलतात. पॅडल टायर (वाळू मागे लोटणारे वल्ह्यासारखे पट्टे असलेले), चार-पाच पीएसआय हवा आणि बरा चालवणारा असेल तर साडेचारशे साध्या टायरच्या सातशेला चढावर मागे टाकते.

स्वतंत्र सस्पेन्शनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वर सांगितलेली होंडा तशीच होती. २००८ मध्ये आली, २००९ नंतर बंद. खडबडीत रस्त्यावर आरामदायी, पण चांगलीच जड. ज्याला मागचं टोक सरकवत वळायचंय त्याला सलग एक्सलच आवडतो.

डाकारचं मात्र मान्य करावं लागतं, मला आवडो न आवडो. क्वाडचा वेगळा वर्ग २००९ पासून होता आणि २०२४ पर्यंतच्या सोळाही शर्यती यामाहाने जिंकल्या. पहिली जोसेफ माखाचेकने, मग पात्रोनेली भावांनी पाच, कसालेने तीन. हा योगायोग नाही. लांब अंतर, खालून मिळणारी ओढ, न थकणारं साधं इंजिन, यात रॅप्टरला तोड नव्हती. पण ‘दरवर्षी जिंकते’ हे आता खोटं आहे, २०२५ पासून डाकारमध्ये क्वाडचा वर्गच नाही. आणि त्या काळात सुझुकी, कावासाकी, केटीएम, कॅन-ॲम एकामागून एक मोठ्या स्पोर्ट क्वाडच्या धंद्यातून निघून गेल्या, त्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या यामाहाच होत्या. शिवाय डाकार म्हणजे दिवसेंदिवस तग धरणं. तिथल्या जयावरून भाड्याच्या अर्ध्या तासात एकोणीस वर्षांच्या पोराला कुठली गाडी द्यावी हे ठरत नाही. मागे कुणाला बसवावं हे तर नाहीच. डाकारमध्ये रॅप्टरवर दुसरा माणूस कधी बसलेला पाहिलाय?

रॅप्टर ७०० वाईट गाडी नाही. माझ्याकडे आहे, नऊ वर्षं आहे, आणि वाळूत रुतल्यावर तिचा रिव्हर्स गिअर किती वेळा कामी आलाय ते मोजलेलं नाही. साडेचारशेला तो नसतो. म्हणूनच तिच्याबद्दल असलं काही पसरवलेलं मला सहन होत नाही.

ताईला मी कळवलंय. थोरल्याला पहिल्या दिवशी क्लचवाली २५०, सपाट जागेत, माझ्यासमोर दोन तास. सीटवर सरकायला शिकला आणि धारेआधी थांबायला शिकला, तर शेवटच्या दिवशी माझी रॅप्टर, एकट्याने. धाकट्यासाठी रॅप्टर ११० शोधतोय, ती १० वर्षांवरच्या मुलांसाठीच आहे. नाही मिळाली तर तो माझ्याबरोबर जीपमध्ये बसेल. त्याच्या मापाचं हेल्मेट मात्र मी आधीच घेऊन ठेवणार. कपाळावरून टेप फिरवून डोक्याचा घेर कळव म्हणालोय, अजून तिने पाठवलेला नाही.