चार रंगांच्या पिशव्या कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार.

जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतून निघणाऱ्या कचऱ्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, शेवटी सगळे एकाच भट्टीत जळते, मग नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याने कचरा चार रंगांत वेगळा करण्याचा सोपस्कार कशाला करायचा. हा कचरा नेणारी गाडी रोज येत नाही, आणि घरोघरच्या इन्सुलिनच्या सुयांबद्दल मी अवाक्षरही काढलेले नाही, असेही आपण म्हणता.

पहिला मुद्दा मला मान्य नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे भट्टीत मुख्यतः पिवळ्या पिशवीतला कचरा जातो, म्हणजे रक्ताने भिजलेला कापूस, बँडेज, मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीतले सलाइनचे सेट, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज निर्जंतुक करून, त्यांचे तुकडे करून पुनर्वापरासाठी पाठवायच्या असतात. पीव्हीसी प्लास्टिकची नळी पिवळ्या पिशवीत गेली, तर ती जळताना तिच्यातल्या क्लोरीनपासून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. शिवाय सिरिंजचे कोरे वेष्टन, औषधाचा खोका हा साधा सुका कचरा आहे. तो रक्ताळलेल्या कापसात मिसळला की तोही संसर्गजन्य धरावा लागतो.

पण माझा खरा आग्रह भट्टीसाठी नाही, मधल्या हातांसाठी आहे. आपल्या बादलीपासून कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पापर्यंत ती पिशवी किती जण उचलतात! गच्च भरलेली पिशवी तळाशी हात घालूनच उचलली जाते, आणि सिरिंजला तशीच राहिलेली सुई पातळ प्लास्टिकमधून सहज बाहेर येते. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीच्या रुग्णासाठी वापरलेली सुई टोचली, तर यकृताच्या या आजाराचा संसर्ग होण्याचा धोका ६ ते ३० टक्के असतो. म्हणून इंजेक्शन दिल्यावर टोपण पुन्हा न लावता तिथल्या तिथे नीडल कटरने सुई कापावी आणि ती पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यातच टाकावी. हे काम नंतर कोणी करू शकत नाही. एकदा मिसळलेल्या पिशवीत पुन्हा हात घालायला लावणे हा अन्यायच आहे.

घरच्या सुयांबद्दल आपला आक्षेप रास्त आहे. त्या जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहावे आणि बाटली घंटागाडीवर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून सांगून वेगळी द्यावी. रुग्णाला पहिली इन्सुलिन पेन लिहून देताना एवढे समजावायला दोन मिनिटे लागतात, आणि तो आपले ऐकेल तितके माझे ऐकणार नाही.

राहिली गाडी. पिवळ्या पिशवीतला अवयवांचा आणि रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नाइलाजाने ठेवावाच लागला, तर त्यापासून कोणाला अपाय होणार नाही अशी व्यवस्था करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. गाडी न आलेल्या तारखा वहीत टिपून ठेवा आणि मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या. आपल्या गल्लीतल्या इतर दवाखान्यांच्याही सह्या असतील, तर उत्तम. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.