कोलेस्टेरॉलच्या गोळीबाबतच्या आपल्या तक्रारीस दुकानमालकाचे उत्तर

माननीय ग्राहक,

सप्रेम नमस्कार.

आमच्या औषध दुकानाला एका ताऱ्याचा अभिप्राय देताना आपण जे लिहिले आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. कोलेस्टेरॉलसाठी ४० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन चालू असताना आपल्या मांड्या व पोटऱ्या दुखू लागल्या. त्याच सुमारास खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केले होते. गोळ्या संपल्या म्हणून आपण आमच्याकडे आलात, तेव्हा आम्ही आपल्याला चाळीस मिनिटे ताटकळत ठेवले, चारचौघांत लघवीचा रंग विचारला आणि अखेरीस गोळ्या न देताच परत पाठवले, असे आपले म्हणणे आहे. "रुग्णाच्या दुखण्याशी यांना देणेघेणे नाही, गल्ला भरला की झाले," या वाक्याने आपण शेवट केला आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल, आणि तो प्रश्न इतर ग्राहकांच्या देखत विचारला गेला याबद्दल, मी मनापासून क्षमा मागतो.

त्या चाळीस मिनिटांबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेवढ्या वेळात आम्ही काय करत होतो, हे आपल्या लिखाणात कोठेही आलेले नाही.

आपण पाय दुखत असल्याचे सांगितलेत, तेव्हा मी प्रथम विचारले की आणखी कोणते औषध चालू आहे का. "काही नाही" असे आपले उत्तर होते. मी पुन्हा विचारल्यावर आपण खोकल्याच्या औषधाचा उल्लेख केलात आणि पिशवीतून क्लॅरिथ्रोमायसिनची स्ट्रिप काढून दाखवलीत. ती आमच्याकडून घेतलेली नसल्यामुळे आमच्या नोंदीत तिचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. स्ट्रिप पाहताच मी अटोर्वास्टॅटिनचे पाकीट पुन्हा फडताळात ठेवले, ते आपल्याला अपमानास्पद वाटले असावे. पण अटोर्वास्टॅटिनचे शरीरात विघटन करणारे जे एन्झाइम असते, त्याचेच काम क्लॅरिथ्रोमायसिन रोखून धरते. रोजची तीच गोळी मग रक्तात कितीतरी अधिक प्रमाणात साठत जाते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र द्यावीच लागली, तर अटोर्वास्टॅटिनचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नसावा असा निर्देश आहे, आणि सिमवास्टॅटिन या त्याच गटातील औषधाबरोबर तर क्लॅरिथ्रोमायसिन देऊच नये असे सांगितलेले आहे. आपला डोस त्या मर्यादेच्या दुप्पट होता आणि पाय आधीच दुखत होते. अशा वेळी मुकाट्याने पाकीट पुढे सरकवून पुढच्या ग्राहकाकडे वळणे मला फार सोपे गेले असते.

लघवीच्या रंगाचा प्रश्न याच कारणाने आला. अटोर्वास्टॅटिन ज्यात मोडते त्या स्टॅटिन गटातील औषधांनी स्नायूंना होणारी गंभीर इजा अतिशय विरळ आहे, परंतु ती झालीच तर स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरतात, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडांवर भार येतो. आपले उत्तर काय येते यावर आपल्याला डॉक्टरांशी बोलायला सांगायचे की तातडीने रुग्णालयात पाठवायचे, हे ठरणार होते. तो प्रश्न नंतर विचारण्याजोगा नव्हता. बाजूला नेऊन विचारण्याजोगा होता, हे मला मान्य आहे.

त्यानंतर मी ज्यांनी आपल्याला अटोर्वास्टॅटिन लिहून दिले त्या डॉक्टरांना फोन केला. ते रुग्ण तपासत होते आणि मोकळे होताच त्यांनी स्वतःहून परत फोन केला. आपल्या चाळीस मिनिटांतील बहुतेक वेळ त्या फोनची वाट पाहण्यात गेला. मधल्या काळात आपल्याला बसण्यासाठी खुर्ची दिली होती, ती आपण नाकारलीत आणि "भाषण नको, गोळ्या द्या" असे मोठ्याने म्हणालात. दुखण्याने माणूस त्रासतो, त्यामुळे त्याचा मला राग नाही. डॉक्टरांनी काय सांगितले, कोणती तपासणी सुचवली, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या प्रकृतीविषयी आपण स्वतः जे जाहीरपणे लिहिलेले नाही, ते मी येथे लिहिणार नाही, मग त्यामुळे माझी बाजू अर्धवट राहिली तरी चालेल.

त्या दिवशी आपण आमच्या दुकानातून काहीही विकत नेले नाही. तरीही गल्ला भरण्याचा आरोप आमच्यावरच व्हावा, याचे मला फार वाईट वाटले. आमचे दुकान लहान आहे आणि येणारी माणसे असे अभिप्राय वाचूनच येतात.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळ्या चालूच ठेवायला सांगतात, कारण धंदा चालायला हवा, असेही आपण लिहिले आहे. ही शंका अनेक रुग्ण बोलून दाखवतात. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया मंदावते, म्हणून यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, अधिक खेचून घेते आणि रिपोर्टमधला आकडा उतरतो. गोळी बंद केली की ही क्रिया पूर्वपदावर येते आणि काही आठवड्यांतच एलडीएल बहुधा पूर्वीइतके होते. नॉर्मल आलेला रिपोर्ट हा त्या गोळीचाच परिणाम असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांना अनेक वर्षे सिमवास्टॅटिन किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली होती, आणि सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. कोणी किती काळ गोळी घ्यावी हा निर्णय डॉक्टरांचा आहे, माझा नाही. परंतु "चालू ठेवा" या सल्ल्यामागे औषधविक्रेत्याचा फायदा शोधणे योग्य नाही.

कंपनी बदलल्यामुळे पाय दुखले, या आपल्या मुद्द्याबद्दल इतकेच सांगतो की दोन्ही पाकिटांत तेच औषध तितक्याच मात्रेत होते आणि बदल करण्यापूर्वी आपल्याला तसे सांगितले होते.

आपले दुखणे आम्ही मनाचे खेळ ठरवले, असेही आपल्याला वाटले आहे. मी आपल्याला २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगत होतो, पण आपण ते पूर्ण ऐकून घेतले नाही. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. स्टॅटिनच्या काळात जितका त्रास नोंदला गेला, त्याच्या सुमारे नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या काळातही झाला. दुखणे खरेच होते, त्याचे कारण मात्र बहुतेक वेळा ते औषध नव्हते. म्हणूनच पाय दुखतात म्हटल्याबरोबर गोळी फेकून द्या असे मी कोणाला सांगत नाही, आणि म्हणूनच औषधाकडे बोट दाखवणारे स्पष्ट कारण समोर असेल तेव्हा ती विकतही नाही. आपल्या बाबतीत असे कारण होते. स्नायूदुखीमागे थायरॉइडची कमतरता असू शकते. डोस कमी करून किंवा रोसुवास्टॅटिनसारखे दुसरे स्टॅटिन देऊन अनेकांना आराम पडतो. काहींना एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या वेगळ्या गटातील औषधाचा उपयोग होतो. डॉक्टरांपाशी असे बरेच पर्याय असतात, आणि ते आपल्याला मिळावेत म्हणूनच मी फोन हातात धरून उभा होतो.

काउंटरपासून थोडे बाजूला बोलता येईल अशी सोय करण्याचा आमचा विचार असून, थांबावे लागल्यास त्याचे कारण ग्राहकांना लगेच सांगण्याच्या सूचनाही सहकाऱ्यांना दिल्या आहेत. यापुढे येताना घरी चालू असलेल्या सर्व औषधांच्या स्ट्रिपा, मग त्या कोठूनही घेतलेल्या असोत, सोबत आणाव्यात, म्हणजे एवढा वेळ लागणार नाही.

आपण दिलेला तारा बदलावा असे मी म्हणत नाही. थांबावे लागले हे खरे आहे आणि तो प्रश्न सर्वांसमोर विचारला गेला हेही खरे आहे. ते तसेच राहू द्यावे. आपले शेवटचे वाक्य तेवढे दुरुस्त करावे, ही नम्र विनंती.

आपला,
दुकानाचा मालक व फार्मासिस्ट