म्हणे ‘मालकांची इंजिनिअरिंग’!

आज सकाळी एक रील समोर आलं. साउथ कॅरोलायनातल्या जुन्या भातखाचरांवरून ड्रोन फिरतोय आणि खाली ओळ: ‘मळेमालकांची अफाट इंजिनिअरिंग, गुलामांचे कष्ट.’ डोकंच फिरलं. नुसते कष्ट?

इंग्लंडहून, बार्बाडोसहून आलेल्या त्या मालकांना भरती-ओहोटीवरचं भात कुठून ठाऊक असणार? गुलाम जिथून आणले त्या पश्चिम आफ्रिकेत, गिनी-बिसाऊकडचे बालांता लोक आणि त्यांचे शेजारी खारफुटीत भात घ्यायचे. आधी मातीचा बांध. त्यात पोखरलेलं खोड आडवं बसवायचं, तोंडाला बूच. मग काही पावसाळे नुसतं मीठ धुवायचं, पीक नाहीच. आणि हा चिखल पुरता सुकू द्यायचा नाही. त्यातल्या गंधकाला हवा लागली की आम्ल होतं आणि शेत वाया जातं. म्हणून उन्हाळ्यात मुद्दाम खारं पाणी आत घ्यायचं. आपल्या खाजणात उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही, रीलवाल्याला लागतं!

त्या रीलमध्ये सेकंदभर एक लाकडी दार दिसतं. ते ‘ट्रंक’चं. बांधाच्या पोटातून जाणारी लांब पेटी, दोन्ही टोकांना दारं. पेटी चौकोनी, पण नावाचं मूळ पोखरलेल्या खोडात सांगतात. भरती नदीचं गोडं पाणी वर ढकलते. खारं जड, ते तळाशी राहतं. वरचं गोडं तेवढं आत घ्यायचं. नदी आटलेली असताना दार उघडलं की खारं शिरतं, पीक जळतं. पेरायच्या आधी बी चिकणमातीच्या पाण्यात पायांनी घोळवून सुकवायचं, नाहीतर पाणी सोडल्यावर वर तरंगतं. कांडताना मुसळाचा घाव जरा चुकला की कणी, आणि कणीला भाव कमी.

हे कसब कोणाकडे आहे, ते मालकांना पक्कं माहीत होतं हो. अठराव्या शतकात चार्ल्सटनमध्ये माणसं विकायच्या जाहिरातीत ‘राइस कोस्ट’हून, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या भातकिनाऱ्यावरून आलेली, असं छापलेलं आहे. माल कुठला ते सांगितलं की किंमत येते.

बरं, तिथलं नावाजलेलं वाण कॅरोलायना गोल्ड हे आशियाई भात, आफ्रिकेची वेगळी भातजात ग्लॅबेरिमा नव्हे. आणि काही इतिहासकार म्हणतात की आफ्रिकेचं श्रेय फुगवलंय. असेल थोडं. पण दार कधी उघडायचं हे बी सांगत नाही.

मघाशी फारच तापलो होतो. आता ते रील पुन्हा पाहिलं. ते दार खरंच सुंदर आहे.

सूरीनामच्या जंगलात, मळ्यांवरून पळालेल्यांच्या वंशजांत, सारामाका लोक पांझा नावाच्या पूर्वज बाईची गोष्ट सांगतात. पळताना तिने भाताचे दाणे केसांत लपवून नेले. एका भाताला तिचंच नाव आहे. तिथल्या मरून (पळालेल्या गुलामांच्या वंशातल्या) बायका आफ्रिकेचं काळं भातही थोडं लावतात, पितरांच्या नैवेद्यापुरतं. २०१६ साली त्याचा जनुकीय नकाशा तपासला, तर सगळ्यात जवळचं भात निघालं आयव्हरी कोस्टच्या पश्चिमेकडचं.