‘आम्हीही मातीतच खेळलो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिसं वितळवणाऱ्या कारखान्यांच्या आसपास वाढणाऱ्या मुलांवर मी लिहिलेला लेख तुम्ही पूर्ण वाचलात आणि मतभेद सविस्तर मांडलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमची पिढीही मातीतच खेळली, कुणाला काही झालं नाही. कुठलाही पदार्थ प्रमाणाबाहेर गेला तरच विष ठरतो. अशा कामांवर कित्येकांचा रोजगार चालतो. आणि आईवडिलांनी मुलांचे हात धुतले, घर स्वच्छ ठेवलं तर निम्मा प्रश्न सुटेल, कारखान्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं असतं.

हे शेवटचं मला फार लागलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अकरा महिन्यांचं रांगणारं मूल डोळ्यांपुढे आणा. फरशी सकाळीच पुसलेली आहे. मूल खिडकीखाली जातं, चौकटीला धरून उभं राहतं, तळव्याला पिठासारखी करडी भुकटी लागते आणि लगेच मूठ तोंडात. दात येताहेत, हिरड्या शिवशिवताहेत. आई धावत येते, हात पुसते, चौकटही पुसते. संध्याकाळी तिथे पुन्हा तशीच भुकटी, कारण ती अंगणातल्या मातीतून येते, रस्त्यावरून येते, कामावरून परतलेल्या बापाच्या शर्टातून येते. त्या आईने दिवसातून किती वेळा पुसायचं? गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं भिनतं, त्याच्या 4 ते 5 पट लहान मुलाच्या अंगात भिनू शकतं. मुलाला लोह किंवा कॅल्शियम कमी पडत असेल तर आणखी.

हे नुसतं माझं मत नाही. पालकांना स्वच्छता शिकवणं, घरातली धूळ काढणं अशा उपायांच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकत्रित आढावा घेतलाय. मुलांच्या रक्तातल्या शिशात त्यांनी म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसत नाही. याउलट अमेरिकेत 1976 ते 1980 या काळात 1 ते 5 वर्षांच्या मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी 15 मायक्रोग्रॅम शिसं होतं, ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 4 च्याही खाली आलं. त्या काळात आया काही अचानक दक्ष झाल्या नव्हत्या. पेट्रोलमधून, रंगातून आणि अन्नाच्या डब्यांच्या सांध्यांतून शिसं काढलं गेलं होतं.

आणि मिनामाता? तिथलं विष शिसं नव्हे, पारा. जपानमधल्या त्या उपसागरात चिस्सो कंपनी पारा असलेलं सांडपाणी सोडत होती. 1956 मध्ये तिथल्या लोकांना जडलेला मज्जासंस्थेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. आईने खाल्लेल्या माशांतला मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं अंगात सहज भिनणारं रूप, वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचायचा. कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, मुलं मात्र मेंदूला कायमची इजा घेऊन जन्मली. तिथे घराघरांत बाळाची वाळवलेली नाळ जपून ठेवायची रीत होती. पुढे संशोधकांनी त्याच नाळा तपासल्या आणि त्यांत पारा सापडला. त्या बायकांनी नेमकं काय धुवायला हवं होतं, सांगा.

आता ‘कुणाला काही झालं नाही’ याबद्दल. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळेतल्या लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं, दातात मात्र ते साठून राहतं. ही मुलं वरवर अगदी ठणठणीत होती. तरीही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्धिमापन चाचणीत मागे पडली. दाताचा निकाल माहीत नसलेल्या शिक्षकांनीही त्याच मुलांबद्दल ‘लक्ष लागत नाही, सांगितलेलं पाळता येत नाही’ असं जास्त वेळा नोंदवलं. हा अभ्यास 1979 मध्ये छापून आला. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे झालो. त्याच्या दातात काय होतं हे कुणी पाहिलं? हा प्रश्न मला खरोखर छळतो.

प्रमाणाचा मुद्दा बहुतेक विषांना लागू आहे, पण शिशाच्या बाबतीत आकडे वेगळं सांगतात. 2005 मध्ये 1,333 मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे 2.4 मायक्रोग्रॅमवरून 10 वर जाताना बुद्ध्यांक सुमारे 3.9 गुणांनी घसरलेला दिसला, तर 10 वरून 20 वर जाताना आणखी 1.9 गुणांनी. म्हणजे पहिले काही मायक्रोग्रॅमच सर्वांत महाग पडतात. अमेरिकेत 1960 च्या दशकात 60 पर्यंत चालतं असं मानत, आज 3.5 ला दखल घेतात. जागतिक आरोग्य संघटना तर सुरक्षित पातळी माहीतच नाही असं म्हणते.

एक गोष्ट मात्र तुमची पूर्ण मान्य. पालकांनी आज काय करावं, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. कामाचे कपडे घराबाहेर बदलावेत आणि वेगळे धुवावेत. मुलाला लोह आणि कॅल्शियम पुरेसं मिळावं. आणि मूल कितीही टवटवीत दिसलं तरी रक्ततपासणी करून घ्यावी. हात तर धुवावेतच, मी कधीच नको म्हटलेलं नाही. पण औषधांच्या भरवशावर राहता येत नाही. 780 लहान मुलांवरच्या चाचणीत औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही.

रोजगाराबद्दल तुम्ही लिहिलंत, तेही खरं आहे. 2010 मध्ये नायजेरियाच्या झामफारा राज्यात शिसं असलेलं सोन्याचं खनिज घरीच दळून पोट भरणाऱ्या गावांत शिशाने 400 हून अधिक मुलं दगावली. तिथे गेलेल्या डॉक्टरांनी एक अट घातली होती: आधी त्या घराची, अंगणाची विषारी माती खरवडून काढायची, मगच त्या घरातल्या मुलाला औषध सुरू करायचं. नाहीतर मूल बरं होऊन त्याच अंगणात रांगायला परत गेलं असतं.