मत्सर म्हणे! ‘परखड’ यांना उत्तर

गेल्या आठवड्यात मी कॉनरॅड ब्लॅक यांच्यावर शिकागोत २००७ साली चाललेल्या फसवणुकीच्या खटल्याबद्दल लिहिलं होतं. लंडनचा ‘डेली टेलिग्राफ’, ‘शिकागो सन-टाइम्स’, ‘जेरुसलेम पोस्ट’ असा पसारा असलेल्या हॉलिंजर इंटरनॅशनल कंपनीचे ते एके काळचे सर्वेसर्वा. ब्रिटनचं लॉर्डपद घेता यावं म्हणून २००१ साली कॅनडाचं नागरिकत्व सोडून दिलेले गृहस्थ. त्या लेखाखाली ‘परखड’ या नावाने आलेली ही प्रतिक्रिया:

“बाई, निकाल नीट न वाचता लेख लिहायची एवढी घाई कशाला? तेरापैकी नऊ आरोपांतून ब्लॅक सुटले. उरलेल्या चारांपैकी दोन पुढे रद्द झाले, शेवटी राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. अर्धा लेख तुम्ही बायकोची पार्टी आणि कंपनीच्या विमानाने केलेली बोराबोराची सहल यांवर घालवलात, त्या आरोपांत तर ते निर्दोष ठरले आहेत. ऑफिसातून हलवलेली खोकी बारा नाही, तेरा होती. श्रीमंत माणूस दिसला की सदाशिव पेठेतल्या मत्सराला पान्हा फुटतो, दुसरं काय!”

खालीच दोन ओळी खरडून विषय संपवणार होते. रात्री झोप लागली नाही, सकाळी दूध उतू गेलं, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी चूक कबूल करते. खोकी तेराच. मी बारा लिहिलं, लेखात दुरुस्ती केली आहे, आभारी आहे. मे २००५ मध्ये टोरांटो स्ट्रीटवरच्या १० नंबरच्या कचेरीतून कागदपत्रं हलवू नयेत असा कोर्टाचा आदेश असताना ब्लॅकसाहेबांनी ड्रायव्हर आणि सेक्रेटरीच्या मदतीने मागच्या दाराने खोकी नेली आणि ते सगळं तिथल्या कॅमेऱ्यात उतरलं. कॅमेऱ्यात तेरा, माझ्या लेखात बारा. एका खोक्याचा हिशेब चुकला. बाकी काही चुकलं का, ते तुम्हीच सांगा.

आता ‘बाई’. मला बाई म्हणणारे लोक आहेत. आमच्याकडे धुणंभांड्याला येणारी सुमन म्हणते, शेजारचा तिसरीतला मुलगा शिकवणीला येतो तो म्हणतो. तुम्ही ज्या सुरात म्हटलंत तो सूर मला चांगला ओळखता येतो. बँकेत काउंटरच्या पलीकडून, “बाई, ते तुम्हाला नाही कळायचं” म्हणतात ना, तोच. तुम्ही राव आहात की ताई, पंचवीस वर्षांचे आहात की पंच्याहत्तर, मला ठाऊक नाही. टोपणनावामागे बसून परखड होणं सोपं असतं, एवढं बोलून पुढे जाते.

सदाशिव पेठ. माझा जन्म रास्ता पेठेतला. लग्नानंतर सहकारनगर, तेही पर्वतीच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत. सदाशिव पेठेत मी आयुष्यात एक रात्रही काढलेली नाही. पुण्याबाहेरच्यांना पुणं म्हणजे सदाशिव पेठ वाटतं, त्याला इलाज नाही. पण तुमच्या भाषेवरून तुम्ही इथलेच दिसता, मग जास्तच कमाल आहे.

आणि मत्सर. या शब्दावर मात्र मी थांबणार आहे.

१९८३ साली मी भोसरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. पगार साडेसहाशे. सकाळी सव्वासातची पीएमटी पकडायची, खिडकी मिळाली तर दिवस चांगला. मला घेतलं ते अक्षरामुळे. कंपनीचं मिनिटबुक, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्ताचं पुस्तक, तेव्हा हाताने लिहिलं जायचं, जाड पुठ्ठ्याचं, पानांवर छापील क्रमांक. आमचे मोठे साहेब श्रीमंत होते, प्रभात रोडला बंगला, दोन गाड्या. त्यांचा मत्सर? माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेब स्वतः हॉस्पिटलात आले, अर्धा तास स्टुलावर बसले आणि जाताना खाली काउंटरवर बिल भरून गेले. आईला घरी सोडलं त्या दिवशी मला कळलं. माझ्या लग्नात त्यांनी दिलेली चांदीची वाटी अजून वापरात आहे, नातवाचं उष्टावण तिच्यातच झालं. श्रीमंत माणूस जवळून पाहिला नाही म्हणून मी जळते, असं तुम्हाला वाटत असेल तर माझी अकरा वर्षं त्या ऑफिसात गेली आहेत. साहेबांचा चहा बिनसाखरेचा असायचा आणि बशीत दोन मारी, हेसुद्धा मला पाठ आहे.

तेव्हा तुमच्या मत्सराला माझ्याकडे जागा नाही. मी तो लेख लिहिला तो मिनिटबुकामुळे. ते तुम्ही वाचलंत का? पार्टीनंतरचे सात परिच्छेद त्यावरच होते. वाचले नसतील, पार्टीच्या पुढे सहसा कुणी जात नाही.

खटल्याचा गाभा पुन्हा एकदा सांगते, या वेळी खानावळ घेऊन. समजा माझी नारायण पेठेत खानावळ आहे आणि मी ती विकली. घेणारा म्हणेल, पैसे देतो, पण उद्या शेजारीच दुसरी उघडायची नाही. रास्त आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही कलम २७ व्यवसायबंदीचे करार रद्द ठरवतं, पण धंद्याचं गुडविल, म्हणजे नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक, विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीपुरतं बंधन चालतं. हॉलिंजर आपली छोटी छोटी वर्तमानपत्रं विकत होती आणि घेणारे अशा स्पर्धा न करण्याच्या हमीचे पैसे देत होते. ते पैसे जायला हवेत कंपनीकडे, म्हणजे भागधारकांकडे. त्यातले काही ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वैयक्तिक खात्यांत गेले. एका प्रकरणात तर स्वतःच्याच उपकंपनीशी स्पर्धा न करण्याबद्दल या मंडळींनी ५५ लाख डॉलर घेतले. त्या उपकंपनीकडे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स गावचं एकच साप्ताहिक उरलं होतं. तिथे जाऊन दुसरं साप्ताहिक काढणार नाही, याची हमी! लॉर्डसाहेब लंडन सोडून मॅमथ लेक्सला गावजत्रेच्या बातम्या लिहायला जाणार होते का?

हे सगळं कागदावर होतं. ठराव होते, सह्या होत्या. कंपनीच्या हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष होते जेम्स थॉम्पसन, इलिनॉयचे चौदा वर्षं गव्हर्नर, त्याआधी शिकागोतलेच सरकारी वकील. साक्षीत त्यांनी सांगितलं की कागद आपण वरवर चाळले. मी हे वाचलं तेव्हा हसले. ज्याने मिनिटबुक लिहिलं आहे त्याला थॉम्पसन माहीत असतात. आमच्याकडे तीन होते. एक तर सही करताना पेन मागून घ्यायचे आणि परत करायला विसरायचे.

पण त्या खटल्यात मी सगळ्यात जास्त वाचलं ते मार्क किपनिसबद्दल. त्याच्यावर तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, माझ्या लेखात तो होता. किपनिस कंपनीचा वकील. कागद तयार करणारा. स्पर्धाबंदीच्या पैशातला एक डॉलर त्याने घेतला नाही. त्याला मिळाला बोनस, दीड लाख डॉलर. सरकारचं म्हणणं, तो त्याचा वाटा होता. बचावाचं म्हणणं, त्याने काम केलं, कामाचा बोनस मिळाला. १३ जुलै २००७ ला ज्युरीने त्यालाही दोषी ठरवलं. ब्लॅक यांचे भागीदार डेव्हिड रॅडलर आधीच गुन्हा कबूल करून सरकारी साक्षीदार झाले होते, त्यांना २९ महिने. ब्लॅकना साडेसहा वर्षं. किपनिसला तुरुंग नाही, सहा महिने घरात अटक आणि पाच वर्षं देखरेख.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देते. नऊ आरोपांतून सुटले, माहीत आहे, लेखात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात आहे. दोन आरोप रद्द झाले ते कसे? २४ जून २०१० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रामाणिक सेवे’च्या कलमाचा (मालकाला प्रामाणिक सेवा न देणं हीही फसवणूक, असं सांगणाऱ्या) अर्थ लाच आणि दलालीपुरता मर्यादित केला, मग अपील न्यायालयातल्या न्या. पोझनर यांच्या पीठाने ते दोन काढून टाकले. फसवणुकीचा एक आणि खोक्यांचा एक कायम ठेवला. शिक्षा ४२ महिन्यांवर आली. उरलेल्या फसवणुकीत रक्कम होती सहा लाख डॉलर, त्यात ब्लॅक यांचा हिस्सा २ लाख ८५ हजार. तुम्हाला ती किरकोळ वाटत असेल तर तुमचं बरं चाललं आहे, आनंद आहे. माफी १५ मे २०१९ ला मिळाली, आणि माफी देणाऱ्या ट्रम्प यांच्यावर ब्लॅक यांनी वर्षभर आधी एक कौतुकाचं पुस्तक लिहिलं होतं. यावर मी काहीच म्हणत नाही.

राहता राहिली पार्टी. डिसेंबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या ला ग्रेनुई हॉटेलात बायकोच्या साठीची पार्टी, बिल सुमारे ६२ हजार डॉलर, मोठा हिस्सा कंपनीने भरला. ज्युरीने त्यात दोषी धरलं नाही. मान्य. पण मी तिला गुन्हा कुठे म्हटलं? तुमची प्रतिक्रिया आल्यावर लेख पुन्हा वाचून पाहिला. ‘लूट’ म्हटलं आहे. तो शब्द मी काढणार नाही. लूट हा मराठी शब्द आहे, शिकागोच्या कोर्टाचा त्यावर अधिकार चालत नाही. (आमचे हे म्हणाले, “तो माणूस बरोबर बोलतोय, तू हट्ट करू नकोस.” त्यांना चहा गरम करून दिला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.)

किपनिसकडे परत येते, कारण मत्सराचं उत्तर खरं तर तिथे आहे आणि मघाशी मी ते अर्धवट सोडलं.

१९८८ च्या पावसाळ्यात आमच्या संचालक मंडळाची बैठक झाली. संकष्टी होती, म्हणून साबुदाणा वडे मागवले होते. मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते. सहा विषय झाले, वडे झाले, सगळे उठले. दुसऱ्या दिवशी आमचे कंपनी सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, सातव्या विषयाखाली अर्धं पान सोडा.” सातवा विषय म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. बैठकीचं इतिवृत्त तीस दिवसांत पुस्तकात लिहिलं पाहिजे आणि त्यात कागद चिकटवायचा नाही, असं तेव्हाच्या कंपनी कायद्याचं कलम १९३ सांगायचं. चिकटवता येत नाही, म्हणून जागा सोडायची. मी विचारलं, “किती ओळी लागतील?” एवढंच विचारलं.

बावीस दिवसांनी मजकूर आला. साहेबांच्या मेव्हण्याच्या फर्मला साडेचार लाखांचं कर्ज, ‘संचालक मंडळाने सविस्तर चर्चा करून’ मंजूर. इंग्रजीत होतं, ‘रिझॉल्व्हड दॅट’पासून. त्या खोलीत मी होते. चर्चा चटणीवर झाली होती, तिखट झाली म्हणून. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात ते लिहिलं. मधल्या काळात शाईची बाटली संपून नवी आली होती. पानाचा वरचा अर्धा भाग जरा काळसर, खालचा निळा. कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑडिटर आले, पान उलटलं, पुढे गेले.

पैसे परत आले असं पुढे ऐकलं. कुणी बुडालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. त्या दिवाळीत माझ्या पाकिटात नेहमीच्या बोनसपेक्षा पाचशे रुपये जास्त निघाले. कशाबद्दल ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या पैशांतून आईला मिक्सर घेतला.

तेव्हा परखडराव, किंवा परखडताई, तो लेख लिहिताना माझ्या मनात काय होतं ते तुम्ही सांगू नका. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जिथे होती तिथेच आहे. खोकी तेरा केली आहेत. पुन्हा लिहाल तेव्हा काकू म्हटलंत तरी चालेल.